पुढच्या चाकाचा भार

अक्षयाने ट्रॅक्टरचा ओढदांडा विमानाच्या पुढच्या चाकापासून सोडवला आणि बाजूला टाकून दिला. सिमेंटवर तो असा आदळला की हँगरच्या दारात चहा पीत उभे असलेले चौघे दचकले.

"ट्रॅक्टर लागणार नाही," ती म्हणाली.

"दहा मिनिटं तुझं चाक जागच्या जागी गरगरतंय," विनीत साहेब म्हणाले. वैमानिक घडवणारी ही संस्था त्यांची, आणि हे नऊ आसनांचं विमानही त्यांचंच. "फोटोपुरतं ओढू दे. नाहीतर ही माणसं हातांनी रेटतील."

"कोणी हात लावायचा नाही."

चूक कुठे आहे ते तिला आत्ता कळलं होतं आणि त्याचाच संताप येत होता. इंजिन बंद ठेवून, पुढच्या चाकातल्या विजेच्या मोटरवर विमान जमिनीवर हलवायचं, एवढंच दाखवायचं होतं. मिरजोळ्याच्या शेडमध्ये वर्षभर खपून तिने ती मोटर बनवली होती. आज जमलं नाही तर काम बंगळुरूच्या कंपनीला देणार, हे साहेबांनी सकाळीच ऐकवलं होतं. मोटर ठणठणीत होती. पण भरवसा नाही म्हणून त्यांनी वैमानिकाला खाली उतरवलं, जड बॅटऱ्या शेपटीकडे ठेवायला लावल्या आणि रिमोटवर चालव म्हणाले. पुढच्या चाकावर भारच नाही, त्यात खालचं सिमेंट पावसाने ओलं. चाक पकड घेणार तरी कसं?

"पुढे दोघं बसायला हवीत, सर. एरवी बसतातच की."

"माझा माणूस बसणार नाही."

"मग मी बसते. अजून एक जण हवा."

चौघे आपापल्या कपात बघू लागले. तेवढ्यात कोपऱ्यातल्या स्टुलावरून रावजी उठले. तिचे वडील. हे खूळ सोड आणि पुण्याला नोकरी धर, असं वर्षभर तिच्या डोक्याशी कटकट करणारा हाच माणूस. त्यांनी छत्री भिंतीला टेकवली आणि विमानाच्या शिडीपाशी चपला काढल्या.

"चपला राहू देत, बाबा."

"ऱ्हाव दे गो. कुठं बसू ता सांग."

दोघं पुढच्या आसनांवर बसल्यावर तिने कळ दाबली. चाक एकदा घसरलं, मग त्याने सिमेंट धरलं. विमान मागे सरकू लागलं. या लोकांसमोर रडायचं नाही हे अक्षयाने ठरवूनच टाकलं होतं.

"पुरे! दिसलं!" साहेब खालून ओरडले.

तिने ऐकलं नाही. पार पिवळ्या रेषेपर्यंत विमान नेलं, वळवलं, परत हँगरच्या दारात आणलं आणि मगच थांबवलं.

फोटोवाला पुढे आला. विनीत साहेबांनी टाय सारखा केला आणि विमानाच्या नाकाडावर तळहात ठेवला. "आपण करून दाखवलं!"

रावजींनी बाजूची छोटी खिडकी उघडली. चाळीस वर्षं काळबादेवी गावच्या किनाऱ्यावर मासेमारी होडीचे तांडेल, म्हणजे प्रमुख, होते ते. तिथे होडी किनाऱ्यावर ओढताना जो हात लावील त्याला म्हावऱ्यात वाटा मिळतो, मग तो कुणी का असेना.

"साहेब, हात काढा तो," ते म्हणाले. "होडी वर आल्यावर लावलेल्या हाताला वाटा नसतो."

विनीत साहेब हसले. हात मात्र काढला.