कपाळावरची ‘राखीव’ चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. मुख्य की राखीव, ते मात्र विचारू नका, कारण सगळा घोळ तिथेच आहे. सर्व्हर म्हणजे आतल्या खोलीत बसून बाहेरच्या संगणकांना माहिती पुरवणारं यंत्र. मी रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षात असतो. कुणाचा फोन आला, पत्ता काय, कोणती गाडी जवळ आहे, हे सगळं आमच्याकडे असतं.

आम्ही दोघं एकाच दिवशी, एकाच कारखान्यात घडलो. इंजिनिअरकाकांनी एकाला वरच्या फळीवर बसवलं, मला खालच्या. त्याच्या कपाळावर चिठ्ठी चिकटवली ‘मुख्य’, माझ्या कपाळावर ‘राखीव’. झालं! तो थोरला, मी धाकटा. का, ते मला आजवर कळलेलं नाही.

थोरला काम करायचा आणि मी त्याची नक्कल उतरवून घ्यायचो. दर सेकंदाला एका निळ्या तारेतून तो मला कळवायचा, ‘आहे.’ लागोपाठ तीनदा त्याचं ‘आहे’ आलं नाही, तर कारभार मी हाती घ्यायचा. पाच वर्षं मी ते ‘आहे, आहे, आहे’ ऐकत बसलो. पाहुणे आले की थोरल्याचं कौतुक करायचे आणि माझ्यासमोर मात्र रिकामी खोकी रचलेली असायची. याला काम म्हणायचं की नुसतं बसणं? काही उमगायचं नाही.

खरं तर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी थोरल्याला थांबवून मला चालवून बघायचं, असा नियम होता. पण काका चालवून न बघताच वहीत बरोबरची खूण करायचे आणि म्हणायचे, “चालतंय ना मस्त? मग कशाला नसती उठाठेव!”

एका दुपारी निळी तार गप्प झाली. एकदा. दोनदा. तीनदा. माझी तर पाचावर धारण बसली! थोरला गेला, की नुसती तार निसटली? घाबरत घाबरत मी कारभार हाती घेतला आणि काय सांगू, जमला की! फोन घेणाऱ्या ताईंना काही कळलंसुद्धा नाही. थोड्या वेळाने थोरला आपोआप उठला. तापून बंद पडला होता बिचारा. आता तोच माझी नक्कल उतरवायला लागला. मग मुख्य कोण? चिठ्ठ्या तर होत्या तिथेच होत्या.

पहिल्यांदाच राबत होतो, त्यामुळे माझा पंखा घरघरायला लागला. ते ऐकून काका आत आले. दोघांचेही दिवे हिरवे होते.

“हा राखीव कशाला एवढा बोंबलतोय? जरा धूळ झटकतो. याच्यावाचून काय अडतंय!” असं म्हणत त्यांनी माझी वायर उपटली.

पुढचं मला नंतर कळलं. त्या वेळी ताई एका मुलीशी बोलत होत्या. तिचे बाबा जिन्यात कोसळले होते. पत्ता अर्धाच सांगून झाला होता, तेवढ्यात पडदा काळा झाला आणि फोनही तुटला. थोरल्याची माझ्याकडून नक्कल उतरवून अजून पुरी व्हायची होती, म्हणून त्याला कारभार हाती घेता येईना. ‘बेकरीमागची इमारत’ एवढ्यावरच गाडी निघाली आणि एकेक जिना शोधत फिरली. काकांनी घाईघाईने मला पुन्हा चालू केलं, पण मला उठायला सहा मिनिटं लागली. तेव्हा कुठे ताईंना मुलीचा नंबर मिळाला आणि तिला पुरा पत्ता विचारता आला. बाबा वाचले हो, नशीब!

“अहो काका, चालू यंत्र बंद केलंत तुम्ही!” ताईंच्या डोळ्यांत पाणी होतं.

“चिठ्ठी बघून केलं हो,” काका म्हणाले. चिठ्ठी त्यांच्याच अक्षरातली होती. मला त्यांचा राग यावा की कीव, तेच कळेना.

आता चिठ्ठ्या नाहीत, नुसता गोंदाचा डाग उरलाय. पहिल्या सोमवारी काका खरोखरच आम्हाला आलटून पालटून चालवतात आणि हात लावण्याआधी पडद्यावर विचारतात, “आत्ता कारभार कुणाकडे?”

मित्रांनो, कोपऱ्यात गप्प बसलेल्यालाही अधूनमधून काम देऊन बघा. त्याच्या कपाळावरचं वाचू नका, आज तो काय करतोय ते विचारा. मी मुख्य की राखीव, हे मला अजूनही सांगता येत नाही. दर सेकंदाला आम्ही दोघं एकमेकांना ‘आहे’ म्हणतो. त्या सहा मिनिटांत बाबांचं डोकं मांडीवर घेऊन बसलेल्या त्या मुलीला असं म्हणणारं कुणीच नव्हतं.