उधाणाआधीचा पंचनामा

भाताला नुकती लोंबी धरली होती आणि बाहेरच्या बांधाला खांड पडली. खांड म्हणजे भगदाड. त्यातून खाडीचं खारं पाणी शेतात शिरलं की यंदाचं भात तर जातंच, पुढची दोन-तीन वर्षंही जमीन काही पिकवत नाही. आणि ही वर्षभरातली चौथी खांड. चौथी! खाडी काय या एकाच गावावर दात धरून बसली होती?

पेणजवळच्या गडबहून खाडीकडे उतरलं की ही वस्ती लागते. इथली रीत आजा-पणज्यापासूनची. खांड दिसली की हाक द्यायची, घरटी एका माणसानं चिखलाची पाटी घेऊन धावायचं आणि पुढच्या भरतीआधी भगदाड बुजवून मोकळं व्हायचं. बांध कसा फुटला, कुणी फोडला, हे विचारायचं नाही. खाडीनं नेलं, आपण बांधलं, विषय संपला. पण पुंडलिकशेठला या शेतांच्या जागी कोळंबीची तळी करायची हुक्की आली, आणि हीच रीत गावाच्या मुळावर उठली. गाव इमानेइतबारे खांड बुजवायचं. मग दुपारी निवांत आलेला तलाठी सपाट बांध बघून म्हणायचा, "इथं तर काहीच नाही. पंचनामा कशाचा करू?" पंचनामा नाही म्हणून तक्रार नाही, आणि खचलेली माणसं एकेक करून शेठच्या ओटीवर जमीन विकायला जाऊन बसायची.

त्या अमावस्येच्या सकाळी काळुराम चिखलाची पाटी घेऊन खांडीशी आला, तर खांडीत त्याची धाकटी भावजय सीताबाई फतकल मारून बसलेली.

"उठ गो सीता. दुपारी उधान हाय."

"ठावं हाय. पंचनामा होईस्तो चिखलाचं ढेकूलसुदा टाकायचं नाय, दादा."

काळुरामला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. सीताबाईचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. उन्हाळ्यात मिठागरावर मीठ ओढायचं, पावसाळ्यात दीड एकर भात लावायचं, असं करून तिनं घर उभं ठेवलं होतं. थोरल्या दिरापुढे तिनं कधी मान वर केली नव्हती. पण चैत्रात गडबच्या शाळेत कायद्याचं शिबिर झालं. बायका तिथे चहा-बिस्किटासाठी गेल्या हे खरं, सीताबाईही त्यालाच गेली. पेणच्या नमिता वकीलबाई म्हणाल्या, "जागा होती तशी राहू द्या, तोच पुरावा. आणि वाचून घेतल्याशिवाय कागदावर अंगठा द्यायचा नाही, समोर कलेक्टर असला तरी." ते ऐकलं आणि सीताबाईनं हातातला चहा तसाच खाली ठेवला. तोवरच्या तिन्ही खांडी तिनं आपल्या हातांनी बुजवल्या होत्या. तेव्हापासून तिला स्वतःचाच राग येत होता, आणि खरं सांगायचं तर तो राग तिला मानवला होता.

तिची सून अनिता उजाडतानाच तलाठ्याच्या दारात जाऊन बसली होती. इथे ऊन चढलं तसा गावाचा पारा चढला.

"पयलं पानी तुज्याच शेतात शिरंल," काळुराम म्हणाला.

"म्हनून तर मी बसलेय. दुसऱ्याचं बुडवायला नाय बसले."

हिरामण म्हणून एक तरणा गडी होता. तो पाटी उचलून पुढे आला. सीताबाईनं पदर कमरेला खोचला. "टाक. माज्या डोक्यावर टाक, आनि मंग मलाच बुजव." हिरामणनं पाटी खाली ठेवली. बांधावर शेठचा राखणदार पोपट विडी ओढत हसत उभा होता. फुकटचा तमाशा कुणाला नको असतो?

साडेअकराच्या सुमाराला पुढे अनिता आणि मागे विजारीचे पाय दुमडलेला तलाठी असे दोघे बांधावरून आले. तोवर भरती लागली होती. खाडी हळूहळू फुगत होती. तलाठ्यानं उभ्या उभ्या चार ओळी खरडल्या आणि शाईचा पॅड पुढे केला. पाच पंचांत पहिला काळुराम. त्याचा अंगठा सवयीनं पुढे गेला.

"आदी वाचून दावा, भाऊसाहेब," सीताबाई म्हणाली.

तलाठ्यानं घाईघाईनं वाचलं, "उधाणाच्या पाण्याच्या दाबाने बांध नैसर्गिकरीत्या फुटला..."

"उधान अजून आलंच नाय, तर फोडला कोनी? खाली उतरा. ह्ये कुदलीचे घाव बघा, वडी पाडावी तशे सरल. आनि माती बघा. पान्यानं फोडला असता तर माती व्हाऊन गेली असती. हितं ढीग लावून ठेवलाय. खाडी ढीग लावते काय?"

"बाई, कायदा मला शिकवू नका."

"नाय शिकवत. मला जेवढा येतो तेवढाच सांगते. खोट्या कागदाला अंगठा नाय."

काळुरामनं हात मागे घेतला. मग हिरामणनं. पाचही पंच पाठीमागे हात बांधून उभे राहिले. एवढ्या वर्षांत या गावानं सरकारी माणसापुढे हात फक्त जोडले होते.

पाणी खांडीत शिरलं. सीताबाईच्या मांडीवरून, कमरेवरून ते मागे तिच्याच भातात घुसलं. लोंब्या हलायला लागल्या. ती हलली नाही.

"अहो, तुमचं शेत बुडतंय! उठा!" तलाठी ओरडला.

"मंग त्येपन लिवा. पन आदी कुदल लिवा."

तलाठ्याच्या वहाणा भिजल्या होत्या आणि सगळं गाव त्याच्या हाताकडे बघत होतं. त्यानं नवा कागद घेतला, कार्बन लावला, घाव लिहिले, ढीग लिहिला. "अज्ञात इसमाने," त्यानं मोठ्यानं वाचलं.

"अज्ञात कशाला?" काळुराम म्हणाला. "ह्यो पोपट हाय ना बांधावर. पहाटं ह्यालाच पाह्यला, खांद्यावर कुदल घेऊन जाताना. मागल्या खांडीलापन ह्योच होता. लिवा."

सीताबाई गर्रकन वळली. "मंग इतके दिस बोलला का नाय, दादा?"

"कोनी इचारलंच नाय."

तिला भयंकर संताप आला आणि त्याच दमात रडूही आलं. पण वेळ कुठे होता? पाच अंगठे उमटले. कार्बनखालची प्रत अनितानं पिशवीत घातली. सीताबाई उठली आणि तिनं पहिली पाटी स्वतः खांडीत ओतली. मग सगळं गाव पाण्यात उतरलं. तिचं निम्मं भात गेलं, बाकीच्यांचं वाचलं.

पोपटची विडी विझली होती. "खाडीनंच फोडलाय बांध," तो म्हणाला. "सगल्या गावाला ठावं हाय."

"मंग उद्या पेनला ये," चिखलानं माखलेली सीताबाई म्हणाली. "आमी सगली जातोय. फौजदाराला सांग, खाडीनं कुदल कोनाच्या घरातनं आनली."