सतराव्या प्रश्नाचं उत्तर

माझी जीभ तिखट आहे. चाकणच्या आमच्या क्लासमधली पोरं मला मागून मिरची मॅडम म्हणतात आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. इंद्रायणीच्या बाबतीत मात्र या जिभेनं घात केला.

बारावीनंतर 'नीट' ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा पुन्हा देणाऱ्या मुलांची आमची तीस जणांची तुकडी असते. तिच्या निवडचाचणीचा रसायनशास्त्राचा पेपर मी काढला होता, आवर्तसारणीतले कल आणि ऊर्जाबदल यांवर. सतरावा प्रश्न होता, इलेक्ट्रॉन घेताना सर्वांत जास्त ऊर्जा कोण बाहेर टाकतं? गटात वरून खाली जाताना ही ऊर्जा कमी होत जाते आणि सगळ्यात वर फ्लोरीन. मी डोळे झाकून फ्लोरीन लिहून टाकलं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात उत्तरं सांगत असताना इंद्रायणी उभी राहिली. हिंगोलीकडची मुलगी, आता कुरुळीत एका खोलीत पाच जणांबरोबर राहणारी. निवड झाली तर वर्षभर शिक, नाहीतर कंपनीत लाग, असं तिच्या वडिलांनी सांगून ठेवलं होतं. हे तिनंच मला सांगितलं होतं, त्यामुळे माहीत नव्हतं असं म्हणायची सोयही मला नाही.

"मॅडम, क्लोरीन ना?" ती म्हणाली. "फ्लोरीन फार लहान. आमच्या खोलीसारखं. आत आधीच दाटी, नव्याला जागा कुठली?"

पोरं हसली. मला वाटलं, मलाच हसली.

"मग तूच शिकव," मी म्हणाले. "मी बसते तुझ्या बाकावर."

ती खाली बसली. क्लोरीन लिहिलेली बाकीची पोरंही माझ्या धाकानं गप्प राहिली.

दुपारी स्टाफरूममध्ये पुस्तक उघडलं. क्लोरीन. अपवाद म्हणून चौकटीत छापलेलं. माझे कान तापले. पण क्लासचे मालक हिंदुराव सर तोवर निवडयादी ग्रुपवर टाकून मोकळे झाले होते आणि त्याच पोरांसमोर 'मी चुकले' म्हणणं माझ्या जिवावर आलं. इंद्रायणी दोन गुण कमी पडून एकतिसावी होती. तिसावा मुलगा फ्लोरीन लिहून आत गेला होता. मी पुस्तक मिटलं आणि चहा प्यायला गेले. हो, गेले.

ती कुरुळीजवळच्या एका कंपनीत पॅकिंगला लागल्याचं महिन्याभरानं कळलं. तेव्हापासून घास गोड लागेना. शेवटी हिंदुराव सरांना पेपरमधली चूक सांगितली, भांडून एक जागा वाढवून घेतली आणि रविवारी कासारवाडीच्या माझ्या घरून कुरुळी गाठली.

तिच्या वडिलांनी, रोहिदासभाऊंनी, खुर्ची पुसून दिली. म्हणाले, "उपकार झाले मॅडम. लेकराची कुवत येळेवर सांगितली तुम्ही. न्हाईतर मी उगं तिच्या मागं लागलो असतो."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. कसंबसं सांगितलं की पेपर माझा चुकला होता, उत्तर तिचंच बरोबर होतं, जागा आहे, उद्यापासून यावं. रोहिदासभाऊंचे डोळे भरले. चूक कबूल करायला एवढ्या लांब कोण येतं, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

इंद्रायणी शिफ्टवरून नुकतीच आली होती, अंगात अजून कंपनीचा शर्ट होता. तिनं शांतपणे विचारलं, "तुम्हाला कधी कळलं, मॅडम?"

'परवा' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. रोहिदासभाऊ माझ्याकडे कौतुकानं बघत होते.

"त्याच दिवशी," मी म्हणाले. "दुपारी."

रोहिदासभाऊंनी मान दुसरीकडे फिरवली.

"उद्या येते," इंद्रायणी म्हणाली. "फक्त तुमच्या तासाला मी बाहेर बसेन. रसायनशास्त्र माझं मी करीन."

मी बरं म्हणाले.