कपाटातला दिवा

दसरा उलटल्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी, मौजे वलवण, तालुका मावळ, जिल्हा पुणे येथे, मेहबूबभाईंच्या घरातील लाकडी कपाट सकाळी उघडण्यात आले; आणि आत, लख्ख उजेडात, बुरशी दिसली.

लोणावळ्याच्या बाजूला पावसाळा घराबाहेर थांबत नाही. भिंतींतून आत शिरून तो कपड्यांच्या घड्यांत मुक्काम ठोकतो. म्हणून इथे जून लागला की कपाटाच्या तळाशी बल्ब लावतात आणि पाऊस सरेपर्यंत विझू देत नाहीत. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून मेहबूबभाईंना वीजबचतीचा ध्यास लागला होता. ओसरी, स्वयंपाकघर, न्हाणीघर असा एकेक गड सर करीत त्यांनी जुने पिवळे बल्ब हद्दपार केले व एलईडी बसवले. त्या मोहिमेतून कपाटही सुटले नव्हते.

अमिनाबींनी लाल जरीची ओढणी बाहेर काढली. त्यांच्या निकाहातली ही ओढणी उद्या लेकीच्या, हुमेराच्या, डोक्यावर यायची होती. काठावर राखाडी ठिपके उमटले होते.

“दिवा एक दिवसही बंद नव्हता,” मेहबूबभाई म्हणाले.

“नव्हता ना! बुरशीला अंधारात भीती वाटली असती.”

“दोष पावसाचा आहे. पूर्वी माळावर चतुर किडे घिरट्या घालू लागले, की पाऊस गेला समजायचे आणि कपडे उन्हात टाकायचे. यंदा चतुर आले, आणि त्यांच्या मागोमाग पाऊसच परत आला. आता चतुरच फसवू लागले, तर माणसाने विश्वास ठेवावा कुणावर?”

“अब्बा, चतुरांवर खटला भरा,” हुमेरा म्हणाली, “पण आधी त्या बल्बला हात लावा.”

त्यांनी हात लावला. इतके दिवस अखंड जळणाऱ्या त्या दिव्याला कोमटही म्हणता येईना. बंद दाराआड उजेड कुणाला हवा होता? हवी होती ती ऊब. आणि तीच त्यांनी वाया जाणारी वीज समजून काढून टाकली होती.

बाहेर धार लागलेली. उन्हाची आशा नव्हती. हलक्या हाताने ठिपके झाडून मेहबूबभाई हुमेराचा केस वाळवायचा ड्रायर घेऊन ओढणीपुढे बसले. डोक्यावर पंखाही पूर्ण वेगात सोडला.

“अहो, मीटर पळतोय,” अमिनाबींनी दारातून आठवण करून दिली.

“पळू दे.”

“तब्येत बरी आहे ना?”

त्यांनी वीतभर काठ वाळवून पुढचा वीतभर हाती घेतला. या कामात दुपार गेली. दिवेलागणीला हुमेराने ओढणी डोक्यावरून घेतली आणि ती आईसमोर उभी राहिली. अमिनाबींनी काठ जवळून पाहिला, दोन पावले मागे सरून पाहिला, नाकाशी धरला. मेहबूबभाई ड्रायर हातातच धरून उभे होते.

“एक डाग राहिलाय,” अमिनाबी म्हणाल्या. “पण चालेल. उद्या हीच घ्यायची.”