गंगाच्या हातातली गाठ

त्या गुरुवारी मठाच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. माझी धाकटी बहीण गंगा जोत्यावर बसली होती, उजवा हात सरळ वर धरून. कोपराखाली लिंबाएवढी गाठ. दामूबुवा तिच्यावर भस्म चोळत होते.

"बाधा उतरतेय," बुवा म्हणाले. "पळतेय बघा. माझ्यासमोर मोठमोठ्या टिकल्या नाहीत, ही काय टिकणार!"

आरती संपली तेव्हा गाठ खरंच दिसत नव्हती. बाया बुवांच्या पाया पडल्या. गंगाचा नवरा केरू रडत होता. मी शाळेत विज्ञान शिकवतो, पण डोळ्यांनी पाहिलेलं नाकारू कसं?

दुसऱ्या दिवशी भात कापताना गाठ पुन्हा वर आली आणि ठणकायला लागली. बुवांकडे उत्तर तयार होतं. "घरात संशयी माणूस वावरतोय." म्हणजे मी. केरू माझ्याशी नीट बोलेना.

तरी गंगाला मी रत्नागिरीत डॉक्टर ऋजुतांकडे नेलं. एमआरआय पाहून त्या म्हणाल्या, "स्नायूच्या आत रक्तवाहिन्यांचा गुंता झालाय. कॅन्सर नाही, त्याचा कॅन्सर होतही नाही."

"मग आरतीच्या वेळी गाठ गेली कुठे होती?" मी विचारलं.

डॉक्टरांनी गंगाला हात वर धरायला लावलं आणि भातकापणीच्या गप्पा काढल्या. बोलता बोलता गाठ ओसरली. हात खाली सोडल्यावर हळूहळू भरत गेली.

"हात वर केला की गाठीतलं रक्त उतरतं. खाली सोडला, कष्ट केले, की पुन्हा साठतं. एवढंच. फार दुखली तर सुईने औषध सोडता येईल, नाहीतर नुसती नजर ठेवू. फक्त भाजायची नाही, कापायची नाही. रक्त थांबणार नाही."

घरी परतल्यावर मी शेजाऱ्यांना अंगणात बोलावलं. ना भस्म, ना मंत्र. गंगाने हात वर धरला, गाठ गेली. खाली सोडला, आली. सगळे बघत राहिले. मला वाटलं, जिंकलो.

केरूने हात जोडले. "बघितलात? बुवांची शक्ती हितवर पोचली."

माना डोलल्या. माझ्याजवळ आणखी पुरावा नव्हता.

गंगा मला हळूच म्हणाली, "दादा, तू खरा असशील. पण मला हितंच ऱ्हायचाय."

पुढच्या गुरुवारी बुवांनी गाठीचं मूळ जाळायला बिब्बा लावला. कातडी जळली, जखम चिघळली आणि एका सकाळी रक्ताची धार लागली. केरूनेच मला फोन केला. ऑपरेशनमध्ये गाठीबरोबर बराचसा स्नायूही काढावा लागला. हात वाचला, पण गंगाची मूठ आता वळत नाही. विळा हातातून निसटतो.

बुवा सांगतात, तिची श्रद्धा कमी पडली. अंगण अजून भरतं.

मला त्यांना थांबवता आलं नाही. म्हणून निदान हे लिहितो. अंगावर गाठ दिसली तर आधी डॉक्टरला दाखवा. बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात, पण ते तपासल्याशिवाय कळत नाही. मग खुशाल देवळात जा, नारळ फोडा. तपासून घेतल्याने देव रागावत नाही. जो रागावतो, त्याच्या हाती आपलं माणूस देऊ नका.