मळमळ थांबली तर

तळहातावरच्या गोळीचा फिकट पिवळा रंग घामानं सुटून रेषांत उतरला, आणि वैजयंतीनं ती घाईघाईनं परत कागदात गुंडाळली. समुद्रपूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "पाणीसुद्धा टिकेनासं झालं तर वाट पाहू नका. ह्या दिवसांत चालते ही गोळी." तेव्हा ती हसली होती — लेकीच्या, आचलच्या वेळी काय कमी ओकले होते! — आणि पुडी पर्सच्या तळाशी टाकून गाडी पकडायला धावली होती. आता कालपासून घोटभर पाणीही पोटात राहत नव्हतं...

पुढच्या खोलीत कापूस आढ्याला टेकला होता. खरेदी सुरू व्हायची होती, म्हणून नवऱ्यानं, भूपेंद्रनं, घरातच रचून ठेवलेला. त्याचा कोंदट, तेलकट वास गादीतून यायचा, आचलच्या केसांतूनही.

"डोहाळे कोणाले कैरीचे राह्यते, आमच्या सुनेले मोरीचे!" ओसरीवरून सासूबाई, शोभाबाई. मग आवाज उतरवून, "भेऊ नको वं. ओकारी हाय तं पोट पक्कं हाय. भूपेंद्रच्या टायमाले मीबी असीच होती."

पोट पक्कं. हेच तर. बीएस्सी झालेल्या बाईनं हे कबूल कसं करायचं — पण गोळीनं बाळाला अपाय होईल ही भीती तिला नव्हतीच. भीती होती गोळी लागू पडण्याची. गेल्या साली पोळ्याच्या सुमारास, तेव्हाही दिवस गेले होते, एका सकाळी मळमळ एकाएकी थांबली. किती आनंदानं तिनं वरणाला फोडणी दिली, दोनदा वाढून घेतलं, भूपेंद्रची चेष्टाही केली... आणि आठवडा उलटायच्या आत सगळं संपलं. तेव्हापासून प्रत्येक ओकारी म्हणजे आतली हाक. मी आहे, मी आहे. ती आपल्याच हातानं बंद करायची?

"मम्मे, घे नं वं मले!" ढिगावरून आचलनं हात पसरले. वैजयंती उठली, आणि भिंतच हलली. तिनं चौकट धरली. जीभ टाळूला चिकटलेली. सकाळपासून लघवीलाही झाली नव्हती, हे तिच्या आत्ता लक्षात आलं.

"काऊन वं, काय झालं?" ओसरीवरून सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही, आई."

चौकट तशीच धरून ती उभी राहिली... ते वरण मी चवीनं खाल्लं, तेव्हा आत कोणी होतं तरी का? की ते आधीच गेलेलं, आणि मळमळ मागून थांबली? मग मी वर्षभर धरून काय बसले आहे?

कागद पुन्हा उलगडला. गोळी ओठांपर्यंत गेली, थांबली. घ्यायची तर होतीच; घ्यावी की नाही, हा प्रश्न मागे कुठेतरी राहून गेला होता. मळमळ थांबून गप्प झालेल्या पोटाशी एकटीनं कसं राहायचं, एवढंच उरलं होतं, आणि त्याला माणूसच लागणार होतं, शेजारी बसणारं.

कधी समुद्रपूरहून गिरडच्या गाडीनं तिच्या गावाकडे जाणं झालं, तर दारापर्यंत कापूस आलेल्या त्या घरात जरा डोकावा. बरी आहे, म्हणेल ती. तेवढ्यावर परत फिरू नका.