तलंगांचं अंगण

"अवो, सरका ना तिकडं! तुमाले पाहून भेवून राह्यल्या त्या."

सखूनं नवऱ्याला, पुनाजीला, हाताला धरून बाजूला ओढलं. खुराड्याचं दार तिनं आत्ताच सताड उघडलं होतं. आत तिनं पिलापासून वाढवलेल्या तलंगा, अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या, एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. पंख पुरते भरले होते, आज त्या पहिल्यांदा बाहेर पडायच्या होत्या. समोर कोवळं ऊन होतं, पलीकडे उभी तूर. पण उंबरा कुणीच ओलांडेना.

समुद्रपूरकडच्या एका पोल्ट्रीत सखूनं उमेदीची सगळी वर्षं काढली होती. तिथल्या कोंबड्यांनी उजेड पाहिला तो फक्त बल्बचा. खाद्यात औषध, पाण्यात औषध, आणि पहिल्यांदा बाहेर यायच्या त्या थेट गाडीत चढायला. म्हणून सेंद्रिय शेतीच्या गटात आल्यावर तिथल्या सुरभीताईंनी नियम सांगताना, "कोंबड्यांना रोज मोकळं रान मिळालंच पाहिजे," म्हटलं, तेव्हा सखू लहान पोरीसारखी हसली होती. असाही नियम असतो!

"काऊन नाई निंगत वं?" पुनाजी कासावीस झाला. "आतून हाकलू का?"

"हाकलाचं नाई. त्याईच्या पायानं येऊ द्या."

तिनं उंबऱ्यापाशी वाळवीचं ढेकूळ फोडलं. एका तांबूस तलंगेनं मान वाकडी केली. एक पाय बाहेर टाकला, थबकली, आणि टपकन चोच मारली. मग काय विचारता! धक्काबुक्की करत सगळ्याच बाहेर. कुणी पंख पसरून धावतंय, कुणी माती उडवतंय.

"अवं, थे पाह्य! लोळून राह्यली! बिमार तं नाई?"

"मातीनं आंघोळ करून राह्यली, आंघोळ!" सखू टाळ्या पिटत होती. मायच्या अंगणात पाहिलं होतं हे, त्यानंतर आजच.

तेवढ्यात अंगणावरून सावली सरकली. घार झेपावली आणि सगळ्यात बारकी तलंग उचलून घेऊनही गेली. बाकीच्या तुरीत पसार.

"कोंड साऱ्याईले आत! लाव दार!" पुनाजी ओरडला.

घार दिसेनाशी होईपर्यंत सखू बघत राहिली.

"दार उघडंच राहू द्या," ती म्हणाली. "तुमी वर टाकाले जाळं घेऊन या. तोवर मी हाओ."

बऱ्याच वेळानं तुरीखालून एक मान बाहेर आली. मग दुसरी. सखूनं लांब बांबू उचलला, डोक्यावर पदर घेतला आणि भर उन्हात, आभाळाकडे तोंड करून उभी राहिली.